लक्षात राहण्याआधी लक्षात यावे लागते

वाचकांचे प्रश्न

एडीएचडी, म्हणजे अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता असलेली मेंदूविकासाशी संबंधित स्थिती, या विषयावर आलेल्या पत्रांत एक तक्रार सर्वाधिक वेळा येते आणि ती सर्वांत जास्त दुखावलेल्या मनाने लिहिलेली असते : विसरण्याची. म्हणून या वेळी केवळ विसरण्याविषयीची पत्रे निवडली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : माझे वय ३४ आहे. गेल्या वर्षी मला एडीएचडी असल्याचे निदान झाले. शाळेत पाठ केलेल्या कविता मला आजही अथपासून इतिपर्यंत म्हणता येतात, पण सकाळी नवऱ्याने सांगितलेले एक काम संध्याकाळपर्यंत लक्षात राहत नाही. गेल्या महिन्यात वडिलांच्या तपासणीचा अहवाल आणण्याचे मी कबूल केले आणि सलग तीन दिवस विसरले. ‘तुला हवे ते बरोबर लक्षात राहते,’ असे घरचे म्हणतात, तेव्हा माझ्याकडे उत्तर नसते. हा खरोखर या स्थितीचा भाग आहे, की मी निदानाच्या आड लपते आहे?

उत्तर : तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तुमच्याच पत्रात आहे. कविता आजही जशाच्या तशा येतात, याचा अर्थ तुमचे स्मरणाचे कोठार शाबूत आहे आणि तेथे एकदा नीट पोहोचलेली गोष्ट वर्षानुवर्षे टिकते. तुमच्याकडून जे हरवते, ते कोठाराच्या दाराशी पोहोचण्याआधीच हरवते. किंवा आत असूनही ज्या घटकेला हवे असते त्या घटकेला वर येत नाही. एडीएचडीतील विसरणे बहुतांशी या दोन ठिकाणी घडते. बाहेरून पाहणाऱ्याला यांतले काहीच दिसत नाही, त्याला फक्त न झालेले काम दिसते. म्हणून त्याला ती बेपर्वाई वाटते.

मराठीत आपण एखाद्याला ‘लक्षात ठेव’ असे सांगतो. स्मरणाच्या आधी लक्ष यावे लागते, हे या दोन शब्दांतच सांगून झालेले आहे. कविता तुम्ही कित्येकदा मोठ्याने, चालीवर, सगळ्या वर्गाबरोबर म्हटली होती. सकाळचे काम मात्र तुम्हाला एकदाच सांगितले गेले, आणि बहुधा तुम्ही दुसरेच काही शोधत असताना. शब्द कानांवर पडले, तुम्ही ‘हो’ही म्हणालात, पण त्यांची पक्की नोंद झाली नाही.

नोंद होण्यापूर्वी माहिती काही क्षण जिथे धरून ठेवली जाते, त्याला कार्यस्मृती म्हणतात. ॲलन बॅडली आणि ग्रॅहॅम हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये तिची जी मांडणी केली, ती आजही अभ्यासाचा पाया मानली जाते. तळहातावर धरलेल्या पाण्यासारखी ती असते : मावते थोडे आणि निसटते लवकर. कोणाच्याही कार्यस्मृतीत एका वेळी मोजक्याच गोष्टी राहतात. अलीकडचे संशोधन हा आकडा साधारण चार इतका सांगते. एडीएचडी असलेल्या लोकांची कार्यस्मृती सरासरीने कमी पडते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. ही सरासरीची गोष्ट आहे, हेही येथेच सांगितले पाहिजे. एडीएचडी असूनही कार्यस्मृतीच्या चाचणीत उत्तम गुण मिळवणारी माणसे असतात, आणि तीसुद्धा घरी किल्ल्या शोधत असतात.

तसे का होते, ते एका प्रसंगावरून सांगतो. माझ्याकडे येणाऱ्या एका तरुणीला दुरुस्तीला दिलेली वस्तू परत आणायची होती. त्यासाठीची पावती हातात घेऊन ती दाराकडे निघाली, तेवढ्यात फोन वाजला. फोन उचलण्यासाठी तिने पावती कपाटावर ठेवली, बोलता बोलता टेबलावरचे कागद आवरले, बोलणे संपले आणि ती दार ओढून बाहेर पडली. दुकानात पोहोचल्यावर पावती नाही. पावती कुठे ठेवली, हे तिला काही केल्या आठवेना. ते आठवण्याजोगे नव्हतेच, कारण पावती ठेवणारा हात तिचा असला तरी त्या क्षणी तिचे सगळे लक्ष फोनवरच्या आवाजाकडे होते. तिच्या स्मरणात ते बोलणे शब्दन्‌शब्द होते. पावती ठेवल्याची नोंदच नव्हती.

तुमच्या अहवालाची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे. अहवाल आणायचा आहे हे तुम्हाला माहीत होते. रात्री अंथरुणावर पडल्यावर ते आठवून छातीत धस्स झाले असणार. ते आठवायला हवे होते दुपारी चार वाजता, कामावरून निघताना. पुढे करायचे काम योग्य वेळी आपोआप मनात येणे, ही स्मृतीची स्वतंत्र बाजू आहे. समोर एखादी खूण असली, म्हणजे अमुक व्यक्ती भेटली की अमुक सांगायचे असले, तर ते काम त्या मानाने सोपे जाते. पण ‘चार वाजता’ किंवा ‘तासाभराने’ असे केवळ वेळेवर टांगलेले काम असेल, तर वेळेचे भान मनातल्या मनात सतत ठेवावे लागते. एडीएचडीमध्ये नेमके हे भान फार दुबळे असते.

राहिला ‘हवे ते लक्षात राहते’ हा टोमणा. त्यात सत्याचा एक तुकडा आहे आणि म्हणूनच तो लागतो. लक्ष कशावर धरायचे हे ठरवण्यात मेंदूच्या पुढच्या भागाचा, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा, मोठा वाटा असतो आणि हे काम डोपामिन व नॉरएपिनेफ्रिन या रसायनांच्या योग्य प्रमाणावर अवलंबून असते. आवड, नावीन्य, धोका किंवा डोक्यावर आलेली मुदत असली की एडीएचडी असलेल्या मेंदूचे लक्ष आपसूक खेचले जाते. गोष्ट केवळ महत्त्वाची आहे, एवढे कारण त्याला पुरत नाही. वडिलांचा अहवाल तुम्हाला महत्त्वाचा वाटत नव्हता, असा अर्थ त्यातून कोणी काढू नये आणि तुम्ही स्वतःही काढू नये. निदानासाठी सध्या वापरल्या जाणाऱ्या, २०१३ मध्ये सुधारलेल्या अमेरिकी निकषांत अवधानाच्या कमतरतेची नऊ लक्षणे दिली आहेत. ‘रोजच्या कामांत वारंवार विसरणे’ आणि ‘लागणाऱ्या वस्तू वारंवार हरवणे’ ही त्यांतली दोन आहेत. तेव्हा तुमचे विसरणे या स्थितीचा भाग आहे, हे निःशंकपणे म्हणता येते.

निदानाच्या आड लपण्याची भीती तुम्हाला वाटते, हेच तुम्ही लपत नसल्याचे लक्षण मला वाटते. अहवाल तीन दिवस मिळाला नाही, याचा वडिलांना झालेला त्रास खरा आहे. त्याबद्दल क्षमा मागावी आणि लगेच, त्यांच्यासमोर, पुढच्या तपासणीची आठवण कुठे आणि कशी ठेवणार ते सांगावे. ‘यापुढे नक्की लक्षात ठेवीन’ हे वचन तेवढे देऊ नये. ते पाळणे तुमच्या हातात नाही. व्यवस्था लावणे हातात आहे.

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. सातव्या वर्षी त्याचे निदान झाले. संध्याकाळी मी त्याच्याकडून धडा पक्का करून घेते आणि सकाळी विचारले की पाटी कोरी. गृहपाठ पूर्ण करतो, वही दप्तरात असते, तरी बाईंकडे देत नाही. तीन कामे सांगितली तर एखादेच होते. कधी कधी माझा हात उठतो आणि नंतर मलाच रडू येते. कोणीतरी स्मरणशक्ती वाढवणारे खेळांचे ॲप सुचवले आहे. त्याची वर्गणी भरावी का?

उत्तर : ताई, आधी तीन कामांचे पाहू, कारण ते सर्वांत लवकर सुधारते. ‘हात धू, दप्तर भर आणि बूट जागेवर ठेव’ हे वाक्य तुमच्या दृष्टीने एक आहे, पण त्याच्या कार्यस्मृतीच्या दृष्टीने तो तीन गोष्टींचा भार आहे आणि पहिले काम करायला गेल्यावर उरलेली दोन कामे त्याला मनात घोळवत राहावी लागतात. वाटेत एखादे खेळणे दिसले की तळहातावरचे पाणी सांडते. दुसऱ्या खोलीतून हाक मारून काही सांगू नका. त्याच्याजवळ जा, खांद्यावर हात ठेवा, त्याने तुमच्याकडे पाहिल्यावर एकच काम सांगा आणि ते त्याच्या तोंडून म्हणवून घ्या. ते झाले की पुढचे. रोज सकाळी ठरलेली जी कामे आहेत, त्यांची चित्रे काढून जिथे ती करायची तिथेच भिंतीवर लावा. म्हणजे सांगण्याचे काम भिंत करील आणि तुमचा आवाज वाचेल.

धड्याचे उत्तर जरा लांबचे आहे. ‘पक्का करून घेते’ म्हणजे नेमके काय करता, हे पाहावे लागेल. धडा पुन्हापुन्हा वाचून घेतला की त्या क्षणी तो ओळखीचा वाटतो आणि मुलाला व आईला दोघांनाही तो आल्यासारखा वाटतो. पण ओळखीचे वाटणे निराळे आणि पुस्तक मिटून सांगता येणे निराळे. एडीएचडी असलेल्या मुलांच्या बाबतीत अडचण मुख्यतः शिकताना होणाऱ्या नोंदीत असते, नीट नोंदले गेलेले ती इतर मुलांच्या बरोबरीने टिकवू शकतात, याकडे अनेक अभ्यासांचा कल आहे, आणि हीच तुमच्यासाठी आशेची बाब आहे. म्हणून बैठक छोटी ठेवा, दहा-पंधरा मिनिटांची. थोडे वाचून झाले की पुस्तक मिटायला लावा आणि ‘काय होते सांग’ असे विचारा. त्याला चित्र काढून सांगू द्या, चालत चालत सांगू द्या, तुम्हाला शिकवू द्या. तेच प्रश्न झोपण्यापूर्वी एकदा, दुसऱ्या दिवशी एकदा आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा विचारा. आठवून सांगण्याचा प्रयत्न करणे, हेच स्मरण पक्के करण्याचे सर्वांत चांगले साधन आहे, हे सर्व मुलांच्या बाबतीत सिद्ध झालेले आहे. या मुलांना त्याची गरज अधिक असते, इतकेच. त्याच्या झोपेकडेही पाहा. दिवसभरात शिकलेले झोपेत पक्के होते आणि एडीएचडी असलेल्या पुष्कळ मुलांना झोप लागायला उशीर होतो. अपुऱ्या झोपेनंतरची सकाळ ही परीक्षा घेण्याची सर्वांत वाईट वेळ आहे.

गृहपाठाच्या वहीची गोष्ट वाचून मला तुमच्या मुलाविषयी फार वाईट वाटले. कष्ट त्याने केलेलेच आहेत. शेवटचे एक पाऊल तेवढे राहते आणि त्यावरून तो आळशी ठरतो. ‘वही देण्याची आठवण ठेव’ असे घरून निघताना सांगून उपयोग होत नाही, कारण ती आठवण वर्गात, योग्य क्षणी, खूण दिसून यायला हवी. बाईंशी बोला. वर्गात शिरण्याच्या वाटेवर वह्या ठेवण्याची एक ठरलेली जागा असावी, किंवा पहिल्या तासाला बाईंनी त्याच्या बाकाशी येऊन हात पुढे करावा. वर्षभरासाठी ही विनंती करण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

ॲपची वर्गणी भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कार्यस्मृतीच्या अशा प्रशिक्षणावर झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मुले त्या खेळांत आणि त्यांसारख्याच चाचण्यांत पुढे जातात, पण ती प्रगती फार काळ टिकत नाही आणि वाचन, गणित किंवा अवधान यांत उतरत नाही, असे त्यात दिसून आले. त्या वेळात त्याला मैदानावर धावू द्या.

हात उठण्याविषयी तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलेत, म्हणून मीही स्पष्ट लिहितो. विसरल्याबद्दल मार खाल्लेल्या मुलाला पुढच्या वेळी आठवण राहत नाही, भीती राहते; आणि भीतीसुद्धा त्याच तोकड्या कार्यस्मृतीतली जागा अडवते, त्यामुळे तो अधिक विसरतो. तुम्हाला स्वतःलाही विसरण्याचा, कामे अर्धवट राहण्याचा त्रास लहानपणापासून असेल, तर तो डॉक्टरांना अवश्य सांगा. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून एडीएचडीतील आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के इतका मोठा मानला जातो, आणि मुलाच्या निदानानंतर आईचे किंवा वडिलांचे निदान झाल्याची उदाहरणे आम्ही नेहमी पाहतो. तुमच्याही डोक्यावरचा भार कोणीतरी मोजला पाहिजे.

प्रश्न : मी ४९ वर्षांची आहे. गेल्या दीड-दोन वर्षांपासून नावे आठवत नाहीत, खोलीत गेल्यावर कशासाठी आले ते सुचत नाही, शब्द ओठांवर येऊन अडतात. झोप नीट लागत नाही. मुलीने एक व्हिडिओ पाठवून ‘आई, तुला एडीएचडी आहे’ असे सांगितले. माझ्या आईला स्मृतिभ्रंश होता, त्यामुळे मला वेगळीच भीती वाटते.

उत्तर : एडीएचडी पन्नाशीच्या उंबरठ्यावर नव्याने सुरू होत नाही. निदानासाठी काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वीपासून असावी लागतात. शिवाय मोठ्या माणसात नऊपैकी किमान पाच लक्षणे, तीही घर आणि काम अशा एकाहून अधिक ठिकाणी अडचण करणारी, दिसावी लागतात. तुमच्या पत्रात बालपणाचा उल्लेख नाही. शाळेत असताना ‘हुशार आहे, पण लक्ष नसते’ असे शेरे मिळत होते का, वस्तू हरवण्यावरून बोलणी बसत होती का, हे एखाद्या मोठ्या भावंडाला विचारा. तसे असेल तर मुलीचे म्हणणे तपासण्याजोगे आहे. एडीएचडी असलेल्या पुष्कळ स्त्रिया या वयात त्रास वाढल्याचे सांगतात.

तसे नसेल, तर कारणे दुसरीकडे शोधावी लागतील आणि त्यांतली बरीचशी बरी होणारी आहेत. पाळी थांबण्याच्या काळात नावे व शब्द न आठवणे ही फार सर्वसाधारण तक्रार आहे आणि बहुतेकींच्या बाबतीत ती पुढे कमी होते. थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावणे, ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, झोपेत श्वास अडखळणे, झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या काही गोळ्या, या सगळ्यांनी विसरणे वाढते. तुमच्या डॉक्टरांना झोपेविषयी आणि घेत असलेल्या प्रत्येक गोळीविषयी सांगा आणि या तपासण्या करून घ्या.

स्मृतिभ्रंशाच्या भीतीविषयी : खोलीत जाऊन कशासाठी आलो ते विसरणे आणि परत मागे गेल्यावर ते आठवणे, हे सर्वांचेच होते. घडलेला प्रसंग कोणी सांगूनही मुळीच न आठवणे, तोच प्रश्न थोड्या वेळाने पुन्हा विचारणे आणि आपण विचारला होता हेही ध्यानात नसणे, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, नेहमीचे हिशेब वा कामे जमेनाशी होणे, आणि हे सर्व महिन्यांगणिक वाढत जाणे, ही लक्षणे असतील तर मज्जाविकारतज्ज्ञांकडे वेळ न दवडता जावे. तुम्ही केलेले वर्णन तसे नाही, तरीही आईच्या आजाराचा उल्लेख डॉक्टरांकडे करावाच.

प्रश्न : वय २६. फोनमध्ये आठ गजर, तीन ॲप्स आणि घरात पाच अर्ध्या भरलेल्या वह्या आहेत. नवीन पद्धत सुरू केली की दोन आठवडे सगळे सुरळीत चालते आणि मग गजर वाजला की हात आपोआप तो बंद करतो. दोष माझ्या इच्छाशक्तीत आहे का?

उत्तर : गजर वाजतो तेव्हा तुम्ही कुठे असता, हे आठवडाभर टिपून पाहा. गोळी घेण्याचा गजर वाजतो, तेव्हा तुम्ही प्रवासात असता आणि गोळी घरी असते. बिल भरण्याचा गजर वाजतो, तेव्हा वरिष्ठ समोर बसलेले असतात. तुम्ही ‘पोहोचल्यावर करतो’ असे ठरवून गजर बंद करता, आणि त्या क्षणी फोनने सांभाळलेली आठवण पुन्हा तुमच्या डोक्यात जाऊन पडते, म्हणजे जिथून ती निसटते तिथेच. म्हणून गजर बंद करण्याचा एकच नियम ठेवा : काम हातात घेतल्यावरच बंद करायचा. तोपर्यंत तो दहा मिनिटे पुढे ढकलायचा, कितीही वेळा. आठ गजर असल्याने सगळेच कानांआड होतात. चुकले तर खरेच नुकसान होईल असे दोन-तीनच ठेवा आणि त्यांचे आवाज अधूनमधून बदला.

आपल्याकडे ‘दृष्टीआड सृष्टी’ म्हणतात. एडीएचडी असलेल्या माणसासाठी ती म्हण रोजच्या व्यवहाराचा नियमच आहे, आणि तो उलटा फिरवून वापरता येतो. उद्या न्यायची फाइल टेबलावर ठेवू नका, दाराच्या कडीला अडकवा, म्हणजे तिला हात लावल्याशिवाय दार उघडणारच नाही. किल्ल्यांची जागा दाराशेजारच्या खिळ्यावर, आणि घरात शिरल्यावर पहिले काम तेच. गोळ्यांसाठी वारांचे खण असलेली डबी घ्या. ‘आज घेतली की नाही’ हा प्रश्नच उरत नाही. शेगडीवर काही ठेवून दुसऱ्या खोलीत जात असाल, तर लहानसा टायमर हातात घेऊनच जा. बिलांसारखी जी देणी बँकेतून आपोआप जाऊ शकतात, ती लक्षात ठेवण्याच्या यादीतून कायमची काढून टाका. लक्षात ठेवायच्या गोष्टी कमी करणे ही सर्वांत उत्तम पद्धत आहे आणि तिचा विचार लोक सर्वांत शेवटी करतात.

वह्या पाच नकोत, एक हवी आणि ती खिशात मावणारी हवी. कोणी काम सांगितले की पुढचे वाक्य बोलण्याआधी ‘थांबा, लिहून घेतो’ असे म्हणा. सुरुवातीला अवघड वाटेल. समोरच्याला मात्र त्यात आदरच दिसतो. आणि लिहिताना ‘डॉक्टरांना फोन’ एवढेच लिहू नका, ‘जेवणाचा डबा बंद केला की डॉक्टरांना फोन’ असे लिहा. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात अशा जर-तर संकल्पांचा अभ्यास मांडला. नुसत्या निश्चयापेक्षा असा संकल्प पार पडण्याची शक्यता अधिक असते, कारण तेव्हा घड्याळ सांभाळावे लागत नाही, डबा बंद होण्याची खूणच काम सुचवते. एडीएचडी असलेल्या मुलांवरही या पद्धतीचे प्रयोग झाले असून तिचा त्यांना उपयोग झालेला आहे.

दोन आठवड्यांनी पद्धत निष्प्रभ होते, ते तुमच्या इच्छाशक्तीमुळे होत नाही. नवेपणा तुमचे लक्ष खेचत होता आणि तो ओसरला, इतकेच. ते घडणारच असे धरून चाला. महिन्यातून एकदा कागदाचा रंग, खुणेची जागा, गजराचा आवाज बदला. मूळ व्यवस्था तीच ठेवा. वही चार दिवस उघडली गेली नाही तर नवी घेऊ नका, त्याच वहीत पुढच्या कोऱ्या पानावर आजची तारीख घाला.

प्रश्न : औषध सुरू केल्यापासून कामात लक्ष लागते, पण वस्तू हरवणे थांबलेले नाही. औषध स्मरणशक्तीसाठी उपयोगी नाही का? डोस वाढवावा का?

उत्तर : मेथिलफेनिडेटसारखी उत्तेजक औषधे आणि ॲटोमॉक्सेटीनसारखी अनुत्तेजक औषधे मुख्यतः लक्ष धरून ठेवायला मदत करतात. त्यामुळे नोंद सुधारते आणि कार्यस्मृतीवरही माफक परिणाम होतो. किल्ल्या कुठे ठेवायच्या ही सवय मात्र औषधातून येत नाही, ती लावावीच लागते. औषधामुळे ती लावणे सोपे होते. उत्तेजक औषधाचा परिणाम काही तासांचा असतो. वस्तू हरवतात त्या वेळा टिपून ठेवा. त्या बहुतेक संध्याकाळच्या असतील, तर ती माहिती डॉक्टरांच्या उपयोगाची आहे. या औषधांच्या काळात नाडी, रक्तदाब, भूक आणि झोप यांवर लक्ष ठेवावे लागते, म्हणून डोस स्वतःच्या मनाने वाढवू नये, कमीही करू नये.

प्रश्न : माझ्या पत्नीला एडीएचडी आहे. आठवण करून दिली तर तिला टोचणी वाटते, न दिली तर काम राहते आणि शेवटी ते मीच करतो. आता मी थकलो आहे. यंदा ती आमच्या लग्नाचा वाढदिवसही विसरली. मी मुद्दाम सकाळपासून काही बोललो नाही, आणि रात्री आठवल्यावर ती खूप रडली.

उत्तर : तुमचा थकवा खरा आहे आणि तो पत्नीच्या निदानामुळे लहान ठरत नाही, हे आधी नोंदवतो. दोन माणसांचे लक्षात ठेवण्याचे काम एकट्याने वाहिले की प्रेम असूनही माणूस चिडचिडा होतो. तेव्हा कामाची वाटणी नव्याने करा आणि ती तोंडी करू नका. ज्या कामांची वेळ चुकली तर नुकसान होते, ती तुमच्याकडे घ्या. जी डोळ्यांसमोर दिसतात किंवा थोडी मागेपुढे झाली तरी चालतात, ती पूर्णपणे तिच्याकडे द्या आणि मग ती तिच्या पद्धतीने, तिच्या वेळेला होऊ द्या. वाटणी बरोबरीची असावी, सारखीच असण्याची गरज नाही.

आठवण करून देणे टोचते, कारण लहानपणापासून प्रत्येक आठवणीबरोबर तिने ‘परत विसरलीस ना’ हा सूरही ऐकलेला असतो. तो सूर तुमच्या बोलण्यात नसला तरी तिला ऐकू येतो. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने दाराजवळ पांढरा फळा लावला आहे. फळ्यावर नसलेले काम सांगितलेच गेले नाही असे समजायचे, हा त्यांचा नियम. सांगणाऱ्याने स्वतः लिहायचे, करणाऱ्याने स्वतः पुसायचे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, दोघे वीस मिनिटे दिनदर्शिका घेऊन बसतात आणि पुढचा आठवडा फळ्यावर उतरवतात. मधल्या दिवसांत तोंडी आठवण नाही. पहिल्या महिन्यात त्यांची काही कामे राहिली. तुमचीही राहतील, ती राहू द्यावी लागतील.

लग्नाच्या वाढदिवशी तुम्ही गप्प राहिलात, ती एक परीक्षा होती आणि तिला ठाऊक नसताना घेतलेली होती. त्या रात्रीचे रडणे हेच सांगते की दिवस तिच्यासाठी मोलाचा होता, तारीख तेवढी त्या सकाळी वर आली नाही. तिच्याशी बोलताना ही गोष्ट तुम्ही बोलून दाखवा, आणि त्या दिवशी गप्प राहिल्याचे तुम्हाला वाईट वाटत असेल तर तेही सांगा. पुढच्या वर्षी ती तारीख आधीच्या आठवड्याच्या बैठकीत दोघांनी मिळून फळ्यावर लिहा, तो दिवस कसा घालवायचा हे तिला ठरवू द्या, आणि त्या दिवशी सकाळी तुम्हाला आधी आठवले तर तुम्हीच आधी म्हणा.